नायजेरियाचं राजकारण, भ्रष्टाचार आणि वांशिक निष्ठा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नायजेरियाच्या राजकारणावर ऑनलाइन वाद सुरू झाला की चार-पाच प्रतिसादांत तो जातोच १९६६ वर, बियाफ्रावर, लागोस कोणाचं यावर, नाहीतर 'तुमच्या माणसाने खाल्लं तेव्हा कुठे होतात' यावर. बाहेरून वाचणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. कामानिमित्त लागोसला असलेले, नायजेरियन सहकारी किंवा वर्गमित्र असलेले, किंवा नुसतेच आफ्रिकेच्या बातम्या वाचणारे मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

नायजेरियात हौसा, योरुबा आणि इग्बो असे तीनच गट आहेत का?

नाही. वांशिक गट अडीचशेहून जास्त आणि भाषा पाचशेच्या घरात आहेत. तीन नावं सतत कानावर येतात, कारण स्वातंत्र्याच्या वेळी (१ ऑक्टोबर १९६०) देशाचे तीन प्रदेश होते आणि प्रत्येकात एकेका गटाचं वर्चस्व होतं: उत्तरेत हौसा-फुलानी, पश्चिमेत योरुबा, पूर्वेत इग्बो. बाकीचे सगळे या तिघांच्या सावलीत राहिले. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातले इजॉ, ओगोनी, उर्होबो, इबिबिओ, मधल्या पट्ट्यातले तिव, बेरोम, जुकुन, ईशान्येतले कानुरी. तेल निघतं ते मुख्यतः या छोट्या गटांच्या जमिनीतून. तीन गटांच्या चष्म्यातून पाहिलं की हेच लोक दिसेनासे होतात, आणि वादांतली सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

आज देशात ३६ राज्यं, अबुजा ही केंद्रशासित राजधानी आणि ७७४ स्थानिक सरकारं आहेत. राजकारणी बोलतात ते सहा विभागांच्या भाषेत: वायव्य (७ राज्यं), ईशान्य, उत्तर-मध्य, नैर्ऋत्य, दक्षिण-दक्षिण (प्रत्येकी ६) आणि आग्नेय (५). आग्नेय म्हणजे इग्बोंचा गाभा. त्यांना एक राज्य कमी, हे लक्षात ठेवा; पुढे लागेल.

विषय कुठलाही असो, वाद शेवटी 'आमचा माणूस, तुमचा माणूस' यावर का येतो?

कारण पैसा वरून खाली येतो. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

तेल, कर आणि सीमाशुल्काचा बहुतांश पैसा एका केंद्रीय खात्यात जमतो आणि दर महिन्याला अबुजात त्याची वाटणी होते. तेल उत्पन्नाचे किमान १३ टक्के आधी तेल निघणाऱ्या राज्यांना जातात. उरलेल्यातले ५२.६८ टक्के केंद्राला, २६.७२ टक्के राज्यांना आणि २०.६० टक्के स्थानिक सरकारांना. राज्यांच्या वाट्याची आपसात विभागणी होते तीही सूत्राने: ४० टक्के सर्वांना समान, ३० टक्के लोकसंख्येवर, आणि क्षेत्रफळ व भूरचना, सामाजिक विकास, स्वतःची करवसुली या तीन निकषांवर प्रत्येकी १० टक्के.

आता हे आकडे समोर ठेवून भांडणं वाचा. ४० टक्के समान वाटणी, म्हणून जितकी राज्यं जास्त तितका त्या विभागाचा वाटा जास्त. आग्नेयेला पाचच राज्यं का, हा इग्बोंचा राग इथून येतो. ३० टक्के लोकसंख्येवर, म्हणून प्रत्येक जनगणना ही लढाई. पैसा स्थानिक सरकारांच्या संख्येनेही खेचला जातो, म्हणून कानो आणि लागोसची तुलना योरुबा लोक हमखास काढतात. १९६७ मध्ये दोन्ही एकेक राज्यं होती. १९९१ मध्ये कानोतून जिगावा वेगळं काढलं. आज कानोत ४४ आणि जिगावात २७, मिळून ७१ स्थानिक सरकारं, लागोसमध्ये २०. लागोसने स्वतःहून ३७ नवी निर्माण केली, तेव्हा २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबासांजो यांनी लागोसच्या स्थानिक सरकारांचा पैसाच अडवून धरला. ओबासांजो स्वतः योरुबा. म्हणजे 'योरुबा राष्ट्राध्यक्षाने योरुबांचा पैसा अडवला' हे वाक्य खरं आहे, आणि निव्वळ वांशिक चष्म्यातून त्याचा अर्थ लागत नाही. भांडण पक्षाचं आणि अधिकाराचं होतं.

गावात रस्ता, वीज, नोकरी हवी असेल तर आपला कोणीतरी वर बसलेला हवा, हा हिशेब सामान्य माणूस करतो तो यामुळे. तो अडाणी आहे किंवा रक्ताच्या नात्याने आंधळा झाला आहे म्हणून नव्हे.

व्हॅट आणि दारूचा वाद काय आहे?

उत्तरेतल्या बारा राज्यांनी १९९९ नंतर फौजदारी शरिया लागू केली. त्यातल्या काहींचे धर्मरक्षक बिअरच्या बाटल्या रस्त्यावर फोडतात. पण दक्षिणेत विकलेल्या बिअरवरच्या व्हॅटमध्ये मात्र ही राज्यं वाटेकरी. ऑगस्ट २०२१ मध्ये पोर्ट हारकोर्टच्या न्यायालयाने रिव्हर्स राज्याला स्वतः व्हॅट वसूल करता येईल असा निकाल दिला आणि हा वाद पेटला. २०२५ च्या कर कायद्यांनी केंद्राचा वाटा १५ वरून १० टक्क्यांवर आणला आणि माल जिथे खपतो त्या राज्याला अधिक वजन दिलं. उत्तरेच्या राज्यपालांनी (तिथे राज्यपाल निवडून येतो आणि राज्य तोच चालवतो) त्याला कडाडून विरोध केला होता.

'आता आमची पाळी' ही काय भानगड आहे?

राष्ट्राध्यक्षपद उत्तर आणि दक्षिण यांच्यात आलटून-पालटून जावं, हा अलिखित करार. घटनेत तो कुठेही नाही. १२ जून १९९३ ची निवडणूक योरुबा उद्योगपती मोशूद अबिओला जिंकत होते. लष्करशहा बाबांगिडांनी ती रद्द केली. अबिओला ७ जुलै १९९८ ला कोठडीतच वारले. योरुबांचा रोष शमवायचा म्हणून १९९९ मध्ये दोन्ही प्रमुख उमेदवार योरुबाच उभे केले गेले आणि ओबासांजो निवडून आले. मग उत्तरेचे यारअदुआ. ते ५ मे २०१० ला पदावर असताना वारले, उपाध्यक्ष गुडलक जोनाथन (दक्षिणेकडचे, इजॉ) राष्ट्राध्यक्ष झाले आणि २०११ ला स्वतः उभेही राहिले. आमची पाळी अर्धवट हिसकावली, असं उत्तरेला वाटलं. निकालानंतरच्या हिंसाचारात उत्तरेत आठशेच्या आसपास माणसं मेली.

२०१५ ते २०२३ उत्तरेचे बुहारी, नंतर दक्षिणेचे टिनुबू. 'एमी लोकान', म्हणजे आता माझा नंबर, हे टिनुबूंनी जून २०२२ मध्ये अबेओकुटात योरुबात म्हटलं आणि तीच घोषणा झाली. १९९९ पासून निवडून आलेला इग्बो राष्ट्राध्यक्ष एकही नाही. दक्षिणेची पाळी म्हणजे नेमकी कोणाची, हे करारात कधी ठरलंच नाही.

२०२३ च्या निकालावर अजून भांडतात, ते नेमकं कशावर?

तीन गोष्टींवर.

पहिली, मतांची विभागणी. टिनुबू ८७,९४,७२६, उत्तरेचे अतिकू अबुबकर ६९,८४,५२०, इग्बो पीटर ओबी ६१,०१,५३३. नोंदणीकृत मतदार सुमारे ९ कोटी ३५ लाख, मतदान सुमारे २७ टक्के. टिनुबू आणि अतिकू यांनी प्रत्येकी १२ राज्यं जिंकली, ओबींनी ११ राज्यं आणि अबुजा, चौथे उमेदवार क्वांकवासो यांनी एकटं कानो. टिनुबूंच्या बालेकिल्ल्यात, लागोसमध्ये, ओबी पुढे होते: ५,८२,४५४ विरुद्ध ५,७२,६०६.

दुसरी, अबुजाचे २५ टक्के. घटनेचं १३४ वं कलम सांगतं की विजेत्याला सर्वाधिक मतं हवीतच, शिवाय 'दोन-तृतीयांश राज्यांत आणि राजधानी प्रदेशात' किमान एक चतुर्थांश मतं हवीत. टिनुबूंना अबुजात तेवढी नव्हती. 'आणि' म्हणजे अबुजा सक्तीचं, की अबुजा हे फक्त सदतिसावं राज्य धरायचं? सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०२३ ला दुसरा अर्थ मान्य केला. अशाच तरतुदीवर १९७९ मध्येही भांडण झालं होतं: १९ राज्यांचे दोन-तृतीयांश म्हणजे १२ राज्यं आणि दोन-तृतीयांश राज्य, मग ते 'दोन-तृतीयांश राज्य' मोजायचं कसं? तेव्हाही निकाल विजयी घोषित झालेल्या शागारींच्या बाजूने, प्रतिस्पर्धी अवोलोवोंच्या विरोधात लागला.

तिसरी, अपलोड. मतदान केंद्रावर हाताने भरलेला निकालपत्रक फॉर्म म्हणजे ईसी ८ ए. तो वॉर्डात ८ बी, स्थानिक सरकारात ८ सी, राज्यात ८ डी आणि देशपातळीवर ८ ई होत जातो. ८ ए चा फोटो त्याच दिवशी निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर चढेल, असं आश्वासन होतं. राष्ट्राध्यक्षपदाच्या निकालांचे फोटो कित्येक तास चढलेच नाहीत. त्याच दिवशी झालेल्या संसदेच्या निवडणुकीचे चढले. संशय तिथून आला. न्यायालयाने म्हटलं, फोटो न चढल्याने मोजणी बेकायदा ठरत नाही. कायद्याच्या चौकटीत ते बसत असेल, पण दिलेला शब्द आयोगाने पाळला नाही, हेही तितकंच खरं.

कोणी 'आमचीच मतं चोरली' म्हणून आकडा टाकला तर केंद्राचा संकेतांक आणि ८ ए चा फोटो मागा. फोटोत शिक्का, अधिकाऱ्याची सही आणि पक्षप्रतिनिधींच्या सह्या आहेत का, खाडाखोड आहे का, बेरीज जुळते का, हे बघा. राज्याची एकगठ्ठा बेरीज दाखवणाऱ्या रंगीत तक्त्याला पुरावा समजू नका.

१९६६ चं बंड 'इग्बो बंड' होतं का?

जानेवारी १९६६ च्या बंडातले बहुतेक मेजर इग्बो होते. मारले गेले त्यांत पंतप्रधान बालेवा, उत्तरेचे मुख्यमंत्री अहमदू बेलो, पश्चिमेचे अकिंतोला. पूर्वेचे इग्बो मुख्यमंत्री आणि राष्ट्राध्यक्ष अझिकिवे वाचले. उत्तरेला जे दिसलं ते हे, आणि ते खोटं नाही.

दुसरी बाजूही तेवढीच नोंदलेली आहे. बंडवाल्यांत अदेमोयेगा हा योरुबा मेजर होता. बंडाचा चेहरा झालेला न्झेओग्वू मध्य-पश्चिमेच्या ओकपानमचा, पण जन्म कादुनाचा. मारल्या गेलेल्या अधिकाऱ्यांत आर्थर उनेग्बे हे इग्बो लेफ्टनंट कर्नल होते. आणि बंड मोडून काढलं लष्करप्रमुख इरोन्सी यांनी, जे स्वतः इग्बो. मग इरोन्सींनी सत्ता हातात घेतली आणि प्रदेश मोडून एकसंध शासन आणणारा हुकूम काढला. सगळ्या नोकऱ्या इग्बो पटकावणार, ही उत्तरेची भीती त्याने पक्की झाली. जुलैत उलटं बंड, इरोन्सींची हत्या, गोवोन सत्तेवर, आणि उत्तरेत इग्बोंच्या कत्तली. मेजरांच्या कृत्याची किंमत रेल्वे कारकून, दुकानदार आणि त्यांच्या बायकामुलांनी मोजली. वादात कोणीही बंडापासून थेट युद्धावर उडी मारली तर मधल्या या कत्तलींबद्दल विचारा.

युद्ध १९७० मध्ये संपलं. मग बियाफ्राची जखम अजून ओली का?

३० मे १९६७ ला पूर्वेचे लष्करी राज्यपाल ओजुक्वू यांनी पूर्व प्रदेश 'बियाफ्रा' नावाचा स्वतंत्र देश म्हणून जाहीर केला आणि युद्ध पेटलं, १५ जानेवारी १९७० ला शरणागती झाली. नाकेबंदीच्या उपासमारीत लाखो माणसं, बहुतांश मुलं, मेली. 'ना कोणी जिंकला, ना कोणी हरला' असं गोवोन यांनी जाहीर केलं. व्यवहारात मात्र दोन निर्णय इग्बो घरांत आजही उगाळले जातात. युद्धकाळात ज्यांच्या बँकखात्यांत व्यवहार झाले होते त्यांना, खात्यात कितीही असोत, २० पौंड देण्यात आले. आणि पोर्ट हारकोर्टसारख्या ठिकाणी इग्बोंनी सोडलेली घरं 'परित्यक्त मालमत्ता' म्हणून इतरांकडे गेली. दुसऱ्या निर्णयात स्थानिक छोट्या गटांचाही हात होता, म्हणून हा वाद फक्त उत्तर-दक्षिण असा लावता येत नाही.

जून २०२१ मध्ये बुहारींनी एका ट्वीटमध्ये युद्धाची आठवण देऊन 'त्यांना समजेल त्या भाषेत' वागवण्याचा इशारा दिला. ट्विटरने ते काढलं, सरकारने ट्विटरच बंद केलं आणि बंदी १३ जानेवारी २०२२ पर्यंत चालली.

कोणाची लोकसंख्या सर्वांत जास्त?

नेमका आकडा कोणी दिला तर तो अंदाजच आहे, असं समजा. शेवटची जनगणना २००६ ची (सुमारे १४ कोटी). तिच्यात धर्म आणि वांशिक गट हे प्रश्नच विचारले नव्हते, कारण विचारले असते तर ती पारच पडली नसती. तिने कानोला ९४ लाख आणि लागोसला ९० लाख दिले. लागोस सरकारने स्वतःच्या मोजणीत १ कोटी ७० लाखांहून अधिक सांगितले. २०२३ ची नियोजित जनगणना पुढे ढकलली गेली. तेव्हा 'आम्ही ३० टक्के, तुम्ही १८ टक्के' या वाक्यावर वेळ घालवू नका.

'लागोस कोणाच्याही बापाचं नाही' असं म्हटल्यावर योरुबा का चिडतात?

लागोस हे योरुबांचं जुनं शहर, पण १९९१ पर्यंत देशाची राजधानी, बंदर आणि पैशाचं केंद्र. त्यामुळे सगळ्या देशाच्या घामाने ते वाढलं. इग्बो व्यापाऱ्यांनी तिथे बाजारपेठा उभ्या केल्या. 'ही कोणाचीच भूमी नाही' हे वाक्य योरुबाला आपला हक्क नाकारल्यासारखं वाटतं. 'परत गावी जा' हे इग्बोला १९६६ सारखं ऐकू येतं. दोघांच्याही भीतीला इतिहास आहे. पण धमकीला समर्थन नाही: १८ मार्च २०२३ च्या राज्यपाल निवडणुकीत इग्बो दिसणाऱ्या मतदारांना केंद्रांवर अडवलं, हाकललं गेलं. विरोधी उमेदवार ऱ्होड्स-व्हिव्हर यांचे वडील योरुबा, तरी आई इग्बो म्हणून त्यांनाही 'बाहेरचा' ठरवलं. या प्रकाराला समतोल म्हणून दुसरी बाजू मांडायची गरज नाही.

मुंबईची चर्चा ऐकून मोठ्या झालेल्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. मात्र एक मोठा फरक आहे. नायजेरियात 'मूळ रहिवासी' ही कागदोपत्री गोष्ट आहे. स्थानिक सरकार दाखला देतं, तो वडिलांच्या मूळ गावावरून. तीन पिढ्या मधल्या पट्ट्यातल्या जोस शहरात राहिलेल्या हौसा कुटुंबाला तिथला दाखला मिळत नाही. तो नसेल तर सरकारी नोकरी, शिष्यवृत्ती, कमी शुल्क, सगळं अडतं. जोसमध्ये २००१, २००८ आणि २०१० साली झालेल्या रक्तपाताच्या मुळाशी हा दाखला होता.

'फेडरल कॅरेक्टर' म्हणजे आपल्याकडचं आरक्षण का?

नाही. आपल्याकडे आधार सामाजिक मागासलेपणाचा. तिथे आधार राज्याचा. घटनेनुसार प्रत्येक राज्यातून किमान एक मंत्री, तोही तिथला मूळ रहिवासी, घ्यावा लागतो आणि केंद्रीय नोकऱ्याही राज्यवार वाटायच्या. श्रीमंत जनरलचा मुलगा मागास राज्यातला असेल तर फायदा त्याला. सर्वांत जास्त संताप आणणारा तक्ता २०१३ चा: केंद्रीय शाळांच्या प्रवेशासाठी आग्नेयेतल्या अनंब्राच्या मुलांना १३९ गुण हवेत, वायव्येतल्या झाम्फाराच्या मुलग्यांना ४ आणि मुलींना २. तो तक्ता खरा आहे. पण झाम्फारातल्या मुली शाळेच्या दारापर्यंत तरी याव्यात हा हेतूही खरा आहे. खरा दोष हा की ते दोन गुण वर नेण्यासाठी खाली प्राथमिक शाळांत जे करायला हवं होतं ते झालं नाही.

पैसा नेमका खाल्ला कसा जातो?

बॅगेतून नोटा हा शेवटचा टप्पा. आधीचं असं चालतं:

अर्थसंकल्पात संसदेत कलमं घुसवली जातात. एकाच गावाचे सौरदिवे तीन वेगवेगळ्या खात्यांच्या यादीत निघतात. मग कंत्राट महिन्यापूर्वी नोंदवलेल्या कंपनीला. २००७ च्या खरेदी कायद्यात १५ टक्क्यांपर्यंत आगाऊ रक्कम देता येत असे, नंतर ती मर्यादा वाढवण्यात आली. ती उचलायची, पायाचे चार खड्डे खणायचे, फलक लावायचा आणि निघून जायचं. अर्धवट इमारती देशभर दिसतात त्या यामुळे. पुढच्या वर्षी तेच काम 'दरवाढीसह' पुन्हा मंजूर.

राज्यांत 'सिक्युरिटी व्होट' असतो: सुरक्षेच्या नावाने राज्यपालाच्या हातात दिलेली रक्कम, जिचा हिशेब तपासला जात नाही. शिवाय घटनेच्या ३०८ व्या कलमाने राष्ट्राध्यक्ष, राज्यपाल आणि त्यांचे उपपदस्थ यांच्यावर पदावर असताना खटला चालत नाही. आठ वर्षं संरक्षण, हाताशी रोकड, विचारणारी विधानसभा खिशात. नायजेरियात सर्वांत मोकळं कुरण राज्यपालाचं असतं. ऑनलाइन मात्र सगळे राष्ट्राध्यक्षावर भांडतात.

'फक्त आमच्याच माणसांना पकडतात' यात किती तथ्य?

पकडण्याची वेळ राजकीय असते, हा आरोप बऱ्याचदा टिकतो. सत्ताधारी पक्षात उडी मारली की चौकशी थंडावते, हे लोकांनी वारंवार पाहिलं आहे. पण एकाच गटाला लक्ष्य केलं जातं, हे दोषींच्या यादीवरून दिसत नाही. पोलीस महानिरीक्षक ताफा बालोगुन (योरुबा, २००५, सहा महिने). मग माजी राज्यपाल: बायेल्साचे अलामियेसेइघा (इजॉ). एदोचे लकी इग्बिनेदिऑन: २००८ मध्ये तडजोडीत दंड फक्त ३५ लाख नायरा. प्लॅटोचे दारिये आणि ताराबाचे न्यामे (उत्तर-मध्य आणि ईशान्येतले ख्रिस्ती, २०१८). आबियाचे ऑर्जी उझोर कालू (इग्बो): डिसेंबर २०१९ ला १२ वर्षं शिक्षा, मे २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने खटला रद्द केला, कारण न्यायाधीशांची मधेच बढती झाली होती. निवृत्तिवेतन घोटाळ्यातले मैना (बोर्नो, २०२१, आठ वर्षं). आणि दोषी ठरले नसले तरी लष्करशहा सानी अबाचा, कानोत वाढलेले कानुरी, ज्यांनी लपवलेला पैसा परदेशातून अजून परत येतो आहे: स्वित्झर्लंडहून एकदा सुमारे ५० कोटी, नंतर ३२ कोटी डॉलर, २०२० मध्ये जर्सीहून सुमारे ३१ कोटी.

सुटका करण्यातही सगळे समान. जोनाथन यांनी २०१३ मध्ये अलामियेसेइघांना माफी दिली; ते एकेकाळी त्यांचेच उपराज्यपाल होते. बुहारींच्या काळात, २०२२ मध्ये, दारिये आणि न्यामेंना माफी मिळाली.

लुटलं तर आपल्याच लोकांना, तरी ते त्याचं स्वागत का करतात?

जेम्स इबोरींचं प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. उर्होबो, तेलसंपन्न डेल्टा राज्याचे १९९९ ते २००७ राज्यपाल. त्याआधी १९९१ मध्ये लंडनमध्ये घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातल्या चोरीसाठी शिक्षा झालेले. भ्रष्टाचारविरोधी आयोगाचे तेव्हाचे प्रमुख नुहू रिबादू यांच्या म्हणण्यानुसार त्यांनी दीड कोटी डॉलर रोख लाच देऊ केली. ती रिबादूंनी मध्यवर्ती बँकेत जमा केली. डिसेंबर २००९ मध्ये असाबाच्या न्यायालयाने १७० आरोप एका झटक्यात फेटाळले. पुन्हा अटकेला पोलीस गेले तेव्हा ओघारा गावातल्या समर्थकांनी त्यांना अडवलं. इबोरी दुबईला, तिथून लंडनला, आणि तिथे २०१२ मध्ये स्वतः गुन्हा कबूल करून १३ वर्षांची शिक्षा. फेब्रुवारी २०१७ मध्ये ते परतले तेव्हा ओघारात जल्लोष झाला.

का? ज्या राज्याने काही दिलं नाही, तिथे इबोरींनी शाळेचं शुल्क, लग्नाचा खर्च, नोकरीची चिठ्ठी दिलेली असते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, एवढंच हे नाही. बाब्याने खरोखर हातावर काही ठेवलेलं असतं. पुढे २०२१ मध्ये ब्रिटनने जप्तीतले ४२ लाख पौंड परत केले, तर केंद्र सरकारने ते दुसऱ्या नायजर पुलासाठी, अबुजा-कानो आणि लागोस-इबादान रस्त्यांसाठी वापरायचं जाहीर केलं. चोरी डेल्टाची, रस्ता कानोचा! डेल्टाने आकांडतांडव केलं, आणि ते रास्तच होतं. 'अबुजाने खाण्यापेक्षा आमच्याने खाल्लेलं बरं' असं म्हणणाऱ्याला अशा निर्णयांनी आयतं कोलीत मिळतं.

एखादा आरोप वाचला तर तपासायचा कसा?

१. पायरी ओळखा. आरोप, चौकशीला बोलावणं, अटक, दोषारोप, तात्पुरती जप्ती, अंतिम जप्ती, दोषसिद्धी, अपील, माफी: या नऊ वेगळ्या गोष्टी आहेत. जप्तीचा आदेश दोषसिद्धीशिवायही होतो. 'आयोगाने पकडला' म्हणजे चोर सिद्ध झाला असं नाही.

२. रक्कम आणि वर्ष एकत्र वाचा. एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. आणि नायरा कोसळला आहे: २०१४ मध्ये डॉलरला साधारण १६० नायरा, २०२४ मध्ये दीड हजाराच्या आसपास. दहा बिलियन नायरा तेव्हा सहा कोटी डॉलरहून जास्त होते, २०२४ मध्ये सत्तर लाखांपेक्षा कमी. दोन सरकारांच्या 'लुटीची' तुलना करताना निम्मे लोक इथे फसतात.

३. खर्च की तरतूद? अर्थसंकल्पात लिहिलेला पैसा सुटलेला नसतो. डिसेंबर २०१९ पासून केंद्राच्या खात्यांनी केलेली ५० लाख नायरांवरची देयकं रोज पोर्टलवर टाकायची पद्धत सुरू झाली. दिवस गाळलेले असतात, लाभार्थ्यांची नावं अर्धवट असतात, तरी सुरुवात तिथून करा. बजिट ही संस्था हेच आकडे शोधायला सोप्या रूपात मांडते.

४. माहितीचा अर्ज. २०११ च्या कायद्याने सात दिवसांत उत्तर द्यायचं असतं. मालमत्तेची घोषणापत्रं मात्र मिळत नाहीत; ती पाहण्याच्या अटी ठरवणारा कायदा संसदेने केलेलाच नाही.

५. व्हिडिओ जुना आहे का ते बघा. निवडणुकीच्या काळात दुसऱ्या राज्यातल्या, कधी दुसऱ्या देशातल्या दंगलीच्या चित्रफिती फिरतात. दुबावा आणि आफ्रिका चेक या तथ्य तपासणाऱ्या संस्थांनी आधीच तपासलेलं असण्याची शक्यता बरीच असते.

नावावरून माणसाचा गट ओळखता येतो का?

अंदाज येतो, खात्री नाही. गुडलक एबेले अझिकिवे जोनाथन: मधली दोन नावं इग्बो, माणूस इजॉ. योरुबा घरांत मुस्लिम आणि ख्रिस्ती एकाच ताटावर असतात. टिनुबू मुस्लिम, पत्नी ओलुरेमी ख्रिस्ती धर्मोपदेशक. गोवोन उत्तरेचे, पण ख्रिस्ती आणि हौसाही नव्हेत. रिव्हर्समधले इक्वेरे इग्बो की वेगळे, यावर खुद्द त्यांच्यातच दोन मतं आहेत. पुण्यातल्या वर्गात किंवा लागोसच्या कचेरीत 'तू इग्बो ना?' असं अंदाजाने विचारण्यापेक्षा 'गाव कोणतं?' विचारा. बाकी तो स्वतः सांगेल. आणि त्यांच्यात एकमेकांसाठी जे हिणकस शब्द चालतात, ते गमतीतही उच्चारू नका.

लिहिल्याबद्दल अटक होते का?

होते. २०१५ च्या सायबर गुन्हे कायद्याचं २४ वं कलम पत्रकार आणि टीकाकारांवर वापरलं गेलं. ते अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत आहे असं पश्चिम आफ्रिकी देशांच्या न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवलं, २०२४ मध्ये त्याची भाषा आवळली गेली, पण वापर थांबलेला नाही. तिथे राहून लिहिणाऱ्या परदेशी माणसाने राज्यपालांची नावं घेऊन आरोप करू नयेत. पुरावा असला तरी बोलावणं चुकत नाही.

काही सुधारलं आहे का?

थोडं. २०१५ पासून केंद्राच्या खात्यांचा पैसा हजारो बँकखात्यांऐवजी एका तिजोरी खात्यात जमतो. बँक पडताळणी क्रमांकामुळे पगारपटावरचे बोगस कर्मचारी सापडले. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या भ्रष्टाचार निर्देशांकात (गुण जास्त तितका कारभार स्वच्छ) २०२४ चे गुण १०० पैकी २६, आदल्या वर्षी २५. हा जाणकार आणि उद्योजकांच्या समजुतीचा निर्देशांक आहे, चोरीचं मोजमाप नव्हे, त्यामुळे एका गुणावरून कोणी फटाके वाजवू नयेत.

लक्ष ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. स्थानिक सरकारांचा वाटा आजवर राज्याच्या संयुक्त खात्यात जायचा आणि राज्यपाल तो गिळायचे. ११ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हा पैसा थेट ७७४ स्थानिक सरकारांना द्यावा असा निकाल दिला. राज्यपालांनी लगेच राज्यांत कायदे करून तो वळता करायची खटपट सुरू केली. अनंब्रात तसा कायदा झालाही. त्यामुळे पुढच्या वेळी 'अबुजाने आम्हाला लुटलं' असं कोणी लिहिलं की त्याला विचारा: तुझ्या स्थानिक सरकारच्या नावाने या महिन्यात किती रक्कम निघाली? तो तक्ता दर महिन्याला जाहीर होतो.